मुमताजमहल : जीवन आणि समाधी

ताजमहाल आपण शहाजहानच्या प्रेमाचे प्रतीक मानतो. परंतु ज्या स्त्रीसाठी ही वास्तू उभी राहिली, तिचे जीवन आपल्याला कितपत ठाऊक असते?

अर्जुमंद बानू हिचा जन्म १५९३ मध्ये झाला. ती आसफखानाची कन्या आणि नूरजहानची भाची. १६१२ मध्ये शहजादा खुर्रमशी तिचा विवाह झाला. 'मुमताजमहल' ही तिला मिळालेली पदवी. पुढे मूळ नाव मागे पडून पदवीच तिची ओळख बनली. पतीच्या बंडाच्या काळात आणि मोहिमांतही ती त्याच्यासोबत राहिली. १६२८ मध्ये तो शहाजहान म्हणून तख्तावर बसला, तेव्हा राजमुद्रा त्याने तिच्याकडे सोपवली.

एकोणीस वर्षांच्या संसारात तिला १४ अपत्ये झाली. त्यांपैकी सातच जगली. १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात, बुऱ्हाणपूरच्या मुक्कामी तिचे निधन झाले. तापीकाठच्या बागेत तात्पुरते दफन करून वर्षअखेरीस तिचा देह आग्र्याला नेण्यात आला.

यमुनेच्या तीरावर १६३२ मध्ये काम सुरू झाले. विटांच्या गाभ्यावर मकराण्याचा संगमरवर चढला. प्रवेशद्वार, बाग, घुमट यांची मध्यरेषा तिच्या कबरीवरून जाते. १६६६ मध्ये शहाजहानला तिच्या शेजारी दफन केले गेले आणि दालनातील काटेकोर सममिती भंगली. आराखडा पाहताना हे ध्यानात घ्या : या रचनेच्या केंद्रस्थानी बादशहा नाही, बाळंतपणात मृत्यू पावलेली अडतीस वर्षांची एक स्त्री आहे.