श्वेतबटूंचे भाष्यकार चंद्रशेखर

थोर खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील शिक्षण संपवून १९३० मध्ये ते केंब्रिजला निघाले. बोटीवरच त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांचे गणित मांडले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वस्तुमानाचा श्वेतबटू टिकू शकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत एडिंग्टन यांनी त्याची जाहीर खिल्ली उडविली. तरुण चंद्रशेखर एकाकी पडले, पण खचले नाहीत. १९३७ पासून शिकागो विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ डिसेंबर १९९२ रोजी पुण्यातील 'आयुका' त्यांच्याच व्याख्यानाने राष्ट्रार्पण झाली. २१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

हिवाळ्यात मानोऱ्याच्या आकाशात झळकणाऱ्या व्याधाचा जोडीदार असाच एक श्वेतबटू आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. अ‍ॅक्सिऑनसदृश काल्पनिक कण अशा ताऱ्यातून ऊर्जा घेऊन निसटत असतील, तर तो अपेक्षेपेक्षा लवकर निवायला हवा. म्हणूनच श्वेतबटूंच्या निवण्याचा वेग मोजून शास्त्रज्ञ या कणांच्या सामर्थ्याची कमाल मर्यादा ठरवितात. एकेकाळी हसण्यावारी नेलेले गणित आज अदृश्य विश्वाच्या शोधाचा पाया बनले आहे.