संत तेरेजेचे वडील लुई मार्टिन

बाळ येशूची संत तेरेजा हिची तसबीर आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांच्या भिंतींवर आढळते. हातांत क्रूस व गुलाबपुष्पे धरलेली ती तरुण कार्मेलकन्या लहानथोरांच्या ओळखीची आहे. परंतु तिचे बोट धरून तिला देवळात नेणारे तिचे वडील कोण होते, त्यांच्या वाट्यास काय आले, हे विचारले असता आमच्यापैकी बहुतेकांस निरुत्तर व्हावे लागेल. महोत्सवाच्या ह्या वर्षी आपण धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे स्मरण करीत आहोत. त्यांच्या पंक्तीस एका प्रापंचिक माणसाचेही चरित्र असावे, अशा हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

लुई मार्टिन ह्यांचा जन्म फ्रान्समधील बोर्दो शहरी 22 ऑगस्ट 1823 रोजी झाला. वडील सैन्यात कप्तान होते. लुई ह्यांनी मात्र तलवार न घेता घड्याळजीचे नाजूक काम हाती घेतले. मन स्वभावतः एकांतप्रिय. आल्प्स पर्वतात, हिमात वाट चुकलेल्या प्रवाशांस आसरा देणारा संत बर्नार्ड ह्यांच्या नावाचा मठ आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षी, 1845 साली, हा तरुण तेथे गेला व आपणांस मठात घ्यावे अशी त्याने विनंती केली. लॅटिन येत नाही, ते शिकून यावे, असे सांगून मठाधिपतींनी त्याला परत पाठविले. घरी येऊन त्याने शिकवणी लावली. पण प्रकृती ढासळली आणि अभ्यास सोडून द्यावा लागला. देवाचे दार आपल्यासाठी बंद झाले, असे त्या तरुणास वाटले असल्यास त्यात नवल नाही.

1850 साली नॉर्मंडीतील आलांसों गावी त्यांनी घड्याळांचे दुकान थाटले व पुढे त्यात जडजवाहिराची भर घातली. खेड्यापाड्यांतील गिऱ्हाइके खरेदीस येत ती बहुधा रविवारीच. आणि नेमके त्याच दिवशी हे दुकान बंद! निदान बाजूचे एक दार तरी उघडे ठेवा, असे मित्रांनी परोपरीने सुचविले. लुई ह्यांनी ते कधीही मानले नाही. धंद्याचे नुकसान झाले असेलच, परंतु त्या घराला विपन्नावस्था कधी आली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच गावी झेली ग्वेरँ नावाची तरुणी राहत असे. तिनेही धर्मभगिनी होण्याचा यत्न केला होता व तिलाही नकार मिळाला होता. आलांसोंची सुईकामाची लेस त्या काळी फार नावाजलेली. त्या कलेत झेली निष्णात होती व तिचा स्वतःचा व्यवसाय होता. दोघांची प्रथम दृष्टादृष्ट गावातील पुलावर झाली आणि 13 जुलै 1858 रोजी मध्यरात्री त्यांचा लग्नसंस्कार झाला. आरंभी बंधुभगिनीप्रमाणे राहण्याचा त्यांचा संकल्प होता. काही महिन्यांनी एका धर्मगुरूंच्या सल्ल्यावरून त्यांनी तो सोडला, हे योग्यच झाले. नाही तर तेरेजा आम्हांस कोठून मिळती?

त्यांना नऊ अपत्ये झाली. एक तरी पुत्र मिशनरी धर्मगुरू व्हावा, अशी आईवडिलांची प्रार्थना असे. दोन पुत्र झाले आणि दोघेही वर्षाच्या आत निवर्तले. एक कन्या दोन महिन्यांची होण्यापूर्वी गेली. हेलेन नावाची दुसरी, पाच वर्षांची झाल्यावर गेली. मारी, पोलीन, लेओनी, सेलीन व सर्वांत धाकटी तेरेजा अशा पाच मुली उरल्या. पत्नीचा व्याप वाढला तेव्हा लुई ह्यांनी 1870 साली आपले दुकान पुतण्याच्या स्वाधीन केले व स्वतः लेसच्या धंद्याचा हिशेब व प्रवास पाहू लागले. पत्नीच्या उद्योगास हातभार लावण्यात पुरुषाला कमीपणा वाटावा, असा तो काळ होता. त्यांस तो वाटला नाही. पहाटेच्या पहिल्या मिस्साला दोघेही बरोबर जात. फावल्या वेळी लुई गळ घेऊन नदीकाठी बसत व पकडलेली मासळी क्लारा संघाच्या भगिनींच्या मठात पोहोचवीत. एकदा स्टेशनावर अपस्माराचा एक रोगी उपाशी व निर्धन पडलेला दिसला, तेव्हा ह्या प्रतिष्ठित गृहस्थाने आपली टोपी काढली, तिच्यात आपले नाणे टाकले व ती हातात धरून लोकांपुढे त्याच्यासाठी भीक मागितली.

28 ऑगस्ट 1877 रोजी झेली स्तनाच्या कर्करोगाने वारली. लुई चौपन्न वर्षांचे होते. तेरेजा अवघी साडेचार वर्षांची. आलांसों गावी त्यांची वृद्ध माता होती, मित्रमंडळी होती, आवडती बाग होती. तरीही मुलींना मामामामींचा आधार मिळावा म्हणून ते सर्व मागे ठेवून ते लिझ्यू येथे राहावयास गेले. तेथे सायंकाळी ते मुलींना वाचून दाखवीत, गाणी म्हणत, स्वतःच्या हाताने लहान खेळणी करून देत. दुपारी धाकटीला घेऊन फिरावयास निघत व वाटेत एखाद्या देवळात जाऊन पवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकीत. तिला ते आपली राणी म्हणत.

मग एकेक कन्या घर सोडू लागली. 1882 मध्ये पोलीन, 1886 मध्ये मारी कार्मेल मठात गेली. 1887 च्या मे महिन्यात, पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजेने बागेत वडिलांजवळ आपला निश्चय उघड केला. त्याच महिन्याच्या आरंभी त्यांस पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. ते रडले, पण नकार दिला नाही. भिंतीवर उगवलेले एक लहानसे पांढरे फूल त्यांनी मुळासकट उपटून तिच्या हाती दिले आणि देवाने त्याची किती काळजी घेतली हे तिला समजावून सांगितले. ते फूल तिने जपून ठेवले. वयाच्या अडचणीमुळे परवानगी मिळेना, तेव्हा तिला महागुरूंकडे नेणारे व नोव्हेंबरमध्ये रोमला पोप तेरावे लिओ ह्यांच्या दर्शनास घेऊन जाणारेही तेच. 9 एप्रिल 1888 रोजी ती मठात गेली. आपल्याही धर्मग्रामातील ज्या आईबापांनी कन्येला मठाच्या दारापर्यंत पोहोचविले आहे, त्यांना त्या सकाळचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

ह्यापुढील हकीकत लिहिताना लेखणी अडखळते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लुई अकस्मात घरातून नाहीसे झाले. चार दिवसांनी ते ल हाव्र बंदरात सापडले. कोठे तरी एकांतात जाऊन देवभजन करावे, ही तरुणपणची ओढ रोगाने ग्रासलेल्या मनात पुन्हा उफाळून आली होती. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत गेल्या होत्या. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. 12 फेब्रुवारी 1889 रोजी त्यांस काँ शहरातील वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले व तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. मुली मठात गेल्या म्हणून बाप वेडा झाला, असे गावात बोलले गेले, आणि ते शब्द तेरेजेच्या कानांपर्यंत पोहोचले. जनापवादाचा हा प्रकार परदेशातीलच आहे, असे आमच्या वाचकांनी समजू नये. मन बिघडलेल्या वडीलधाऱ्या माणसास आतल्या खोलीत ठेवून पाहुण्यांपासून लपविणारी घरे आम्हीही पाहिली आहेत. मार्टिन कन्यांनी वडिलांस लपविले नाही. सेलीन व लेओनी ह्यांनी आरंभी इस्पितळाजवळच बिऱ्हाड केले. लुई ह्यांस मधून मधून शुद्ध येई. आपण आजवर हुकूम करीत आलो, आता आज्ञा पाळण्याची पाळी आली, हे चांगलेच झाले, अशा अर्थाचे ते एकदा डॉक्टरांशी बोलल्याचे सांगतात. 24 सप्टेंबर 1890 रोजी तेरेजेने काळे शिरोवस्त्र स्वीकारले त्या सोहळ्यास ते नव्हते, आणि ती रडली.

1892 च्या मे महिन्यात, पाय लुळे पडल्यावर, त्यांस घरी आणले. 12 मे रोजी त्यांची कार्मेलमधील तिघी मुलींशी शेवटची भेट झाली; निरोप घेताना त्यांनी बोट वर करून आकाश दाखविले. पुढे दोन वर्षे सेलीनने त्यांची सेवा केली. 29 जुलै 1894 रोजी, रविवारी, वयाची एकाहत्तर वर्षे पुरी होण्यास थोडेच दिवस असता, त्यांचा अंत झाला. सप्टेंबरमध्ये सेलीनही कार्मेल मठात गेली, आणि 1899 साली लेओनी काँ येथील मठात कायमची राहिली. पाचही कन्या देवाच्या झाल्या.

ज्या मिशनरी पुत्रासाठी आईबापांनी प्रार्थना केली तो त्यांस लाभला नाही. तथापि 1927 साली पोप अकरावे पायस ह्यांनी तेरेजेस मिशनकार्याची आश्रयदाती ठरविले, गोव्यात ज्यांचे शरीर विसावले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या जोडीने. 18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी लुई व झेली ह्या पतिपत्नींस एकाच वेळी संतपद दिले. तो दिवसही मिशन रविवारच होता. त्यांचा सण 12 जुलै रोजी येतो, म्हणजे त्यांच्या मध्यरात्रीच्या लग्नाची ती पूर्वसंध्या.