शिंगराचा गुरू कसा निवडावा? झेनोफनचा धडा

अथेन्सचा झेनोफन हा सॉक्रेटिसचा शिष्य. इसवी सनपूर्व ४०१ मध्ये धाकट्या सायरसच्या मोहिमेबरोबर तो इराणी साम्राज्यात गेला. सायरस मारला गेला, ग्रीक सेनापतींचा कपटाने घात झाला आणि सुमारे दहा हजार सैनिकांना परत नेण्याचा भार झेनोफनसह नव्या नेत्यांवर आला. शत्रूच्या स्वारांपुढे पायदळ हतबल ठरताच त्याने सामानाच्या घोड्यांवर पन्नासेक स्वारांचे पथक उभारले.

पुढे अथेन्सने हद्दपार केल्यावर तो ऑलिंपियाजवळ स्किलस येथे राहिला. घोडदळातील दीर्घ अनुभवावर त्याने अश्वविद्येचा ग्रंथ लिहिला. शिंगरू आधी घरीच माणसाळवावे, मग शिक्षकाकडे सोपवावे आणि ते काय शिकून परतेल याचा लेखी करार करावा, असा त्याचा आग्रह होता. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये आणि मारून-मुटकून शिकवलेल्या घोड्याला समज येत नाही, हे त्याने ठामपणे मांडले.

इसवी सनपूर्व ३६२ मध्ये त्याचा मुलगा ग्रिलस घोडदळातून लढताना मँटिनियाजवळ धारातीर्थी पडला. रणांगणावर स्वाराचा जीव घोड्याच्या शिकवणीवर अवलंबून असे. म्हणूनच शिक्षकाची पारख झेनोफनला इतकी मोलाची वाटली.