जगाची भूक मिटवायला बिया जमवणारा शास्त्रज्ञ स्वतः मात्र तुरुंगात उपाशी मेला!

पिकावर नवा रोग आला की शास्त्रज्ञ त्याच पिकाच्या गावरान आणि रानटी जाती शोधू लागतात. रोग, दुष्काळ, थंडी सोसण्याची ताकद बऱ्याचदा त्यांच्यातच सापडते. हे ओळखून जगभरातून बिया गोळा करणारा माणूस म्हणजे निकोलाय वाविलोव्ह.

त्यांचा जन्म १८८७ साली मॉस्कोतल्या एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तेव्हाच्या रशियाच्या पाचवीला दुष्काळ पुजलेला. शेतीशास्त्र शिकून वाविलोव्ह १९१७ मध्ये सारातोव्ह शहरात प्राध्यापक झाले. काही वर्षांतच लेनिनग्राडच्या वनस्पती संस्थेची सूत्रं त्यांच्या हाती आली.

मग सुरू झाली भटकंती. अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, जपान, दक्षिण अमेरिका... जिथे जातील तिथल्या शेतातून आणि बाजारातून ते बिया घेत. यातूनच त्यांनी एक सिद्धांत मांडला. एखादं पीक माणसाने जिथे पहिल्यांदा लावलं, तिथेच त्याच्या सर्वाधिक जाती सापडतात. अशा उगमस्थानांच्या त्यांच्या यादीत भारतही होता. भात, आंबा, वांगं ही इथली पिकं!

पण चांगलं वाण तयार करायला वर्षानुवर्षं लागतात आणि स्टालिनला तेवढा धीर नव्हता. ट्रोफिम लायसेन्कोने झटपट भरघोस पिकाचं आश्वासन दिलं. तो जनुकं मानतच नव्हता, तरी सरकार त्याच्या पाठीशी उभं राहिलं. सुरुवातीला वाविलोव्ह यांनीच त्याला प्रोत्साहन दिलं होतं. पुढे मात्र त्यांनी त्याला उघड विरोध केला आणि तोच त्यांना भोवला.

ऑगस्ट १९४० मध्ये युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली. देशद्रोहाचे आरोप ठेवून फाशी सुनावली गेली, नंतर ती २० वर्षांच्या कैदेवर आली. त्यांना ठेवलं होतं सारातोव्हच्याच तुरुंगात. युद्धामुळे त्यांची बायको आणि मुलगाही त्याच शहरात येऊन राहिले होते, पण वाविलोव्ह इतक्या जवळ आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. २६ जानेवारी १९४३ रोजी उपासमारीने खंगून वाविलोव्ह गेले.

तिकडे लेनिनग्राडला जर्मन सैन्याने वेढा घातला होता. शहरात माणसं भुकेने मरत होती आणि वाविलोव्ह यांच्या संस्थेत लाखो बियांचा साठा होता. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्याला हात लावला नाही. त्यातले कित्येक जण उपाशी मेले. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव्ह गेले, तेव्हा त्यांनी राखलेली भाताच्या बियाण्याची हजारो पाकिटं तशीच होती.

१९५५ मध्ये सरकारने वाविलोव्ह यांना निर्दोष ठरवलं. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि तिथल्या बिया अजूनही नवी वाणं घडवायला वापरल्या जातात.