गवताचा खटला

आपल्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची नाटुकली होतात, हे नव्यानं राहायला आलेल्यांना सांगायला हवं. पहिल्या वर्षी रंगमंच म्हणजे पंपरूमचा कट्टा आणि पडदा म्हणजे आमच्या घरची चादर. बघायला आपण असतोच, शिवाय वॉचमनची मुलं, कामाला येणाऱ्या बायका, पलीकडच्या चाळीतली पोरं. ती आधी कुंपणाशी उभी राहतात आणि मग हळूच आत येऊन बसतात. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत विषय निघाला की बागेतली हिरवळ तुडवली जाते, खर्चही वाढलाय, तेव्हा पास ठेवावा. विषय पुढच्या सभेवर गेला आणि अजून पुढेच जातोय. त्या सभेत मला एका माणसाची गोष्ट सांगायची होती, पण अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. स्मरणिकेला घड्याळ नसतं, म्हणून इथे सांगते.

त्या माणसाचं नाव जोसेफ पॅप. न्यूयॉर्क शहरात उन्हाळ्यात सेंट्रल पार्कमध्ये उघड्यावर शेक्सपिअरची नाटकं होतात आणि त्यांना तिकीट नसतं, ही त्याची कामगिरी. २०१५ साली मुलीकडे गेले होते तेव्हा ती रांग मी स्वतः धरलीय. पास दुपारी बाराला, माणशी दोन, पण लोक सकाळपासून चादरी अंथरून बसलेले. कुणी डबा उघडलेला, कुणी पेंगतंय. संध्याकाळी 'द टेंपेस्ट' पाहिलं. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं, पण शेजारी बसलेल्या आजीबाई दरवर्षी येणाऱ्या होत्या, त्यांनी गोष्ट समजावली.

पॅपचा जन्म १९२१ चा, ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गचा. मूळ आडनाव पापिरोफ्स्की. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू, घरात यिडिश बोलायचे. वडील ट्रंका बनवायचे, आणि मंदीच्या काळात तेही काम मिळेना. पोरगा बूटपॉलिश कर, काहीबाही विक, असं करून चार पैसे आणायचा. थिएटरचं तिकीट परवडायचा प्रश्नच नव्हता. पण दोन गोष्टी फुकट होत्या. एक सार्वजनिक वाचनालय, जिथे त्याला शेक्सपिअर सापडला. दुसरी म्हणजे प्रॉस्पेक्ट पार्कमधले उन्हाळ्यातले बँडचे कार्यक्रम. शहरानं आपल्याला हे दिलं, ते आपण परत करायचं, हे त्याच्या डोक्यात तिथेच बसलं असावं.

दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात गेला आणि जहाजावरच खलाशांचे करमणुकीचे कार्यक्रम बसवू लागला. युद्धानंतर हॉलिवूडमध्ये नाट्यशिक्षण घेतलं, मग न्यूयॉर्कला परतून सीबीएस टीव्हीत स्टेज मॅनेजरची नोकरी धरली. नोकरी पोटासाठी. १९५४ मध्ये त्यानं लोअर ईस्ट साइडच्या एका चर्चमध्ये शेक्सपिअरची कार्यशाळा सुरू केली. नटांना पैसे नाहीत, प्रेक्षकांना तिकीट नाही.

१९५६ च्या उन्हाळ्यात तो ईस्ट नदीकाठच्या एका उघड्या रंगमंचावर गेला. भोवती गरीब वस्ती, कित्येकांनी आयुष्यात नाटक पाहिलेलं नव्हतं. तिथे त्यानं 'ज्युलियस सीझर' केलं आणि मग 'टेमिंग ऑफ द श्रू'. दुसऱ्या नाटकाला एकदा न्यूयॉर्क टाइम्सचे ब्रुक्स ॲटकिन्सन आले. त्यांच्या लेखणीला सगळं ब्रॉडवे वचकून असायचं. आणि नेमका पाऊस! प्रयोग अर्ध्यावर थांबला. तरी त्यांनी आपुलकीनं लिहिलं आणि देणग्या येऊ लागल्या. पुढच्या वर्षी ट्रेलरवर फिरतं स्टेज बांधून पॅप वस्त्यावस्त्यांतल्या बागांत गेला. काही ठिकाणी पोरांनी दगडही मारले. शेवटी ते स्टेज सेंट्रल पार्कात येऊन मुक्कामाला राहिलं. ट्रक तिथे बंद पडला म्हणून, अशी आख्यायिका आहे.

मग संकटं लागोपाठ आली. तरुणपणी तो कम्युनिस्ट पक्षात होता, आणि त्या काळात अमेरिकेत तो गुन्ह्यासारखाच धरला जायचा. १९५८ मध्ये संसदीय समितीपुढे उभं करून त्याला जुन्या साथीदारांबद्दल विचारण्यात आलं. त्यानं नावं दिली नाहीत. सीबीएसनं नोकरीवरून काढलं. युनियननं लवाद नेमायला लावला आणि नोकरी परत मिळाली.

१९५९ मध्ये गाठ पडली रॉबर्ट मोझेसशी. हा शहराच्या उद्यान खात्याचा प्रमुख. न्यूयॉर्कचे पूल, रस्ते, बागा यांतलं निम्मंअधिक त्याच्याच हुकमानं उभं राहिलेलं. महापौर बदलायचे, मोझेस तिथेच. त्याचं म्हणणं असं, की प्रेक्षकांच्या पायाखाली गवत मरतं, जमीन धुपते, तेव्हा एक-दोन डॉलरचं तिकीट लावा आणि त्यातला दहावा हिस्सा उद्यान खात्याला द्या, नाहीतर परवाना नाही. (गवत! आमच्या सभेत हा मुद्दा निघाला तेव्हा मला हसू का फुटलं, ते आता कळलं असेल.)

रक्कम मोठी नव्हती. हितचिंतकांनाही वाटलं असेल, लावून टाक. पण पॅपला ठाऊक होतं की एक डॉलरचं तिकीट लागलं की विल्यम्सबर्गचा तो पोरगा बाहेर राहणार. तो कोर्टात गेला. खालच्या कोर्टात हरला, अपिलात जिंकला. अधिकाऱ्याला अशी मनमानी अट घालता येणार नाही, असा निकाल लागला. गंमत म्हणजे नंतर मोझेसनंच तिथे कायमचं थिएटर बांधण्यासाठी शहराकडे पैसे मागितले. जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकानं दीड लाख डॉलर दिले आणि १९६२ च्या जूनमध्ये सुमारे अठराशे आसनांचं डेलाकोर्ट थिएटर उघडलं. पहिलं नाटक 'मर्चंट ऑफ व्हेनिस', शायलॉक जॉर्ज सी. स्कॉट. त्यातच जेम्स अर्ल जोन्स हा कृष्णवर्णीय नट होता. शेक्सपिअरमध्ये काळे, गोरे, हिस्पॅनिक सगळे नट घ्यायचे, हे पॅप तेव्हापासून करत होता.

पण फुकट नाटकाचा खर्च फुकट नसतो. देणग्यांसाठी त्यानं जन्मभर लोकांचे उंबरे झिजवले. स्वभाव तापट, भांडणं अनेकांशी. पाडायला निघालेली जुनी ॲस्टर लायब्ररी त्यानं वाचवली आणि तिथे पब्लिक थिएटर उभारलं. १९६७ मध्ये त्याची सुरुवात 'हेअर'नं झाली. १९७५ मध्ये तिथूनच 'अ कोरस लाइन' ब्रॉडवेला गेलं आणि पंधरा वर्षं चाललं, ६१३७ प्रयोग! त्या तिकिटांच्या पैशावर संस्था तगली. म्हणजे तिकिटाचं त्याला वावडं नव्हतं. ज्याला परवडतं त्यानं ब्रॉडवेला द्यावं, बागेत नको, इतकंच.

१९९१ मध्ये त्याचा मुलगा टोनी एड्सनं गेला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला कर्करोगानं पॅपही गेला. वय सत्तर.

डेलाकोर्ट मधे दुरुस्तीसाठी बंद होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'ट्वेल्फ्थ नाइट'नं पुन्हा उघडलं. मुलीनं रांगेतून फोटो पाठवला. पास माणशी दोन, पैसे अजूनही नाहीत.

आमच्या मेच्या नाटुकल्यांसाठी मी घरच्या दोन सतरंज्या धुऊन ठेवल्या आहेत. हिरवळीवर अंथरायला आणखी चार लागतील, ज्यांच्याकडे असतील त्यांनी सांगावं.