यहूदाचा राजा हिज्कीया

महोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या पुण्यपुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. आम्ही या वेळी कोणा संताचे चरित्र न घेता जुन्या करारातील एका राजाचे घेत आहो. त्यास कारण आहे. ज्युबिलीच्या दिवशी आपण परमेश्वराने काय राखले याची मोजदाद करतो. आणि राखले जाणे म्हणजे काय, हे हिज्कीयाइतके फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल.

हिज्कीया हा दाविदाच्या वंशातला. त्याचा पिता आहाज याने अश्शूरच्या सम्राटाचे मांडलिकत्व पत्करले, मंदिरातील सोनेरुपे खंडणीदाखल पाठविले आणि परक्या दैवतांच्या वेद्या उभारल्या. उत्तरेकडील इस्राएलचे राज्य तर ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास बुडालेच. शोमरोन नगर पडले व तेथील लोक देशोधडीस लागले. अशा पडत्या काळात हिज्कीया वयाच्या २५ व्या वर्षी गादीवर आला. त्याने २९ वर्षे राज्य केले. त्याच्या राज्यारोहणाचे साल पंडित निरनिराळे देतात. बहुतेकांचा कल ख्रिस्तपूर्व ७१५ कडे आहे.

गादीवर येताच त्याने मंदिराची बंद दारे उघडविली. याजक व लेवी यांनी १६ दिवस झाडलोट करून ते शुद्ध केले. रानात मोशेने उभारलेला पितळेचा सर्प लोक धूप जाळून पुजू लागले होते. हिज्कीयाने तो फोडून टाकला. जी वस्तू एके काळी तारणाचे चिन्ह होती तिचीच मूर्ती झाली, हे ओळखावयास व ओळखून हात उचलावयास धैर्य लागते. नंतर त्याने वल्हांडणाचा सण मांडला व उत्तरेकडील उरल्यासुरल्या बांधवांनाही जासूद पाठवून बोलाविले. पुष्कळांनी जासुदांची टर उडविली. थोडे मात्र नम्र होऊन आले. जे आले त्यांना घेऊनच त्याने सण साजरा केला.

ख्रिस्तपूर्व ७०५ मध्ये अश्शूरचा सम्राट सार्गोन रणात पडला व त्याचा पुत्र सन्हेरीब गादीवर बसला. संधी साधून हिज्कीयाने खंडणी बंद केली. मिसर देशाच्या कुमकेवर त्याची भिस्त होती. यशया संदेष्ट्याने या मैत्रीचा उघड निषेध केला. परंतु दरबाराने तो मानला नाही.

राजा मात्र स्वस्थ बसला नव्हता. त्याने तट दुरुस्त केला, घरे पाडून त्यांचे दगड तटास लाविले. सुमारे ७ मीटर रुंदीच्या त्या भिंतीचा भाग विसाव्या शतकात उत्खननात सापडला आहे. सर्वांत मोठे काम पाण्याचे होते. गीहोनचा झरा तटाबाहेर होता. शत्रू आला की पाणी त्याचे. म्हणून खडकातून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदून ते पाणी तटाच्या आत शिलोहच्या तळ्यात आणिले. दोन्ही टोकांकडून पाथरवट खोदीत आले आणि खडकाच्या पोटात एकमेकांच्या हाका ऐकून भेटले. या भेटीचा कोरीव लेख १८८० साली मिळाला. तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ज्याने पन्हाळ्यावर जाऊन तेथली तळी व विहिरी पाहिल्या आहेत, त्या आमच्या आष्टेकर वाचकांस या कामाचे मोल समजावून सांगणे नको. पाण्यावाचून गड लढत नाही. परंतु यशयाने येथेही टोकलेच: तळे बांधलेत, पण पाण्याच्या निर्मात्याकडे पाहिले नाहीत.

ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये सन्हेरीब आला. यहूदाची ४६ तटबंदीची नगरे आपण घेतली, असे त्याने आपल्या लेखात नोंदविले आहे. लाखीश नगर कसे पडले, याची चित्रे त्याने निनवे येथील राजवाड्याच्या भिंतींवर कोरविली. ती आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत तटाला भिडविलेला मातीचा उतार दिसतो, सुळावर चढविलेली माणसे दिसतात, आणि बैलगाडीत बोचकी व लेकरे घालून कैदेत निघालेली कुटुंबेही दिसतात. ती गाडी आपल्याकडच्या कोणत्याही वाटेवरची वाटावी.

हिज्कीया खचला. अपराध कबूल करून त्याने ३० किक्कार सोने व ३०० किक्कार रुपे देऊ केले आणि त्यासाठी आपणच मढविलेल्या मंदिराच्या दारांचे सोने ओरबाडून काढिले. शास्त्राने त्याची ही दुर्बलता झाकून ठेविलेली नाही. एवढे करूनही सैन्य यरुशलेमच्या दाराशी आलेच. रबशाके या हुद्द्याचा सरदार तटाखाली उभा राहिला व यहुद्यांच्याच भाषेत मोठ्याने बोलू लागला. मिसर हा मोडका बोरू आहे, इतर राष्ट्रांच्या देवांनी कोणाला वाचविले, तुमचा देव तरी काय करणार, असा त्याचा रोख होता. दरबाऱ्यांनी विनविले, की तटावरच्या लोकांना कळणार नाही अशा अरामी भाषेत बोला. तर तो आणखी मोठ्याने बोलला. लोक राजाज्ञेप्रमाणे निःशब्द राहिले. भयाच्या घटकेस मौन पाळणे ही लहान गोष्ट नव्हे.

राजाने वस्त्रे फाडिली, गोणपाट नेसले व प्रथमच मनापासून यशयाकडे माणसे धाडिली. शत्रूचे पत्र आले तेव्हा ते घेऊन तो मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरून ठेविले. त्याने अश्शूरचे बळ नाकारले नाही; त्या राजांनी राष्ट्रे उजाड केली हे खरेच आहे, असे कबूल करून मग त्याने मागणे मागितले. खरी प्रार्थना संकटाला लहान करून सांगत नाही.

त्या रात्री परमेश्वराच्या दूताने छावणीत १,८५,००० माणसे मारिली व सन्हेरीब निनवेस परत गेला, असे शास्त्र सांगते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने मिसरातली एक दंतकथा दिली आहे; तीत उंदरांनी याच राजाच्या सैन्याच्या धनुष्याच्या दोऱ्या कुरतडल्या. त्यावरून कित्येक विद्वान साथीच्या रोगाचा तर्क करितात. सन्हेरीब आपल्या लेखात हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याची व भारी खंडणी मिळाल्याची फुशारकी मारतो. मात्र यरुशलेम घेतल्याचे म्हणत नाही. ख्रिस्तपूर्व ६८१ मध्ये तो पुत्रांच्याच हातून मारला गेला.

येथे आम्हास गोव्याची गोष्ट आठवते. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने बॉम जेझुस मंदिरात जाऊन आपली राजदंडाची काठी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाच्या हाती ठेविली. तितक्यात शहा आलमचे मोगल सैन्य कोकणाकडे उतरत असल्यामुळे महाराज परतले. गोव्याच्या भाविकांनी हे संताचे रक्षण मानिले. इतिहासकार मोगलांकडे बोट दाखवितात. आम्हा मराठी ख्रिस्ती जनांस तर संतही आपले व छत्रपतीही आपले. म्हणून आम्ही असे शिकतो, की सुटका झाली याचा अर्थ देव अमुक निशाणाचा झाला असा नव्हे. यरुशलेमलाही पुढे हाच धडा मिळाला.

हिज्कीया मरणप्राय आजारी पडला तेव्हा त्याने रडून प्रार्थना केली व त्यास १५ वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले; यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधविले. प्रार्थना आणि औषध यांत शास्त्राला विरोध दिसला नाही. पण बाबेलचे वकील समाचारास आले तेव्हा राजा फुलून गेला व आपला सारा खजिना त्यांना दाखवून बसला. हे सर्व एके दिवशी बाबेलास जाईल, असे यशयाने सांगितले. ते आपल्या हयातीत होणार नाही, एवढ्यावरच राजाने समाधान मानिले. त्याच्यामागून १२ वर्षांचा मनश्शे गादीवर आला व त्याने बापाचे बहुतेक काम मोडून टाकले. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले. कित्येकांनी मानले होते, की एकदा वाचले ते नगर कधीच पडणार नाही.

सेमिनरीत आम्ही हा अध्याय शिकलो तेव्हा त्या एका रात्रीचेच नवल वाटे. पुढे २०१९ साली कृष्णा व वारणा यांच्या काठच्या गावांतून पूर ओसरल्यावर आम्ही हिंडलो. एका घराची भिंत उभी, शेजारची आडवी. आणि प्रार्थना दोन्ही घरांनी केली होती. त्या दिवसापासून आम्हास यरुशलेमबरोबर लाखीशही आठवते. तेथेही परमेश्वराला हाका मारणारी माणसे असतील. ती का वाचली नाहीत, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. सोपे उत्तर देऊन त्या बैलगाडीतल्या मातेचे दुःख हलके करण्याचा आम्हास अधिकारही नाही. एवढे मात्र दिसते, की वाचलेल्यांना मिळालेला काळ ही उसनवारी असते. यरुशलेमला सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर उसनवारी मिळाली. तेवढ्या अवधीत यशयाचे शब्द जपले गेले, यिर्मया जन्मला, दाविदाचा वंश टिकला. आणि मत्तयाने दिलेल्या प्रभू येशूच्या वंशावळीत हिज्कीयाचे नाव आले.

आपल्या धर्मग्रामासही परमेश्वराने आजवर राखले आहे. वडीलधाऱ्यांनी तट बांधले, पाणी आणिले. आता खजिना दाखविण्याचा मोह आपल्या पिढीस आहे. तो टाळून आपण प्रत्येकाने आपापले पत्र घेऊन वेदीपुढे पसरावे, आणि ज्यांच्या भिंती पडल्या त्यांच्या दाराशी जावे. मनश्शेच्या वयाची मुले आपल्या घरोघर आहेत. त्यांच्या हाती आपण काय देणार, याचा विचार या महोत्सवी वर्षी सर्वांनी करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.