पाहणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर



‘डिझाइन थिंकिंग’ हा शब्द हल्ली आपल्या शाळांपर्यंत पोहोचला आहे. शब्द मोठा वाटतो, पण अर्थ साधा आहे. माणसाला रोजच्या कामात नेमकी अडचण कुठे येते ते बारकाईने पाहायचं. ती समजून घ्यायची. तिच्यावर एखादा छोटा उपाय स्वतः करून बघायचा. वापरणाऱ्याला तो जमला नाही, तर पुन्हा बदलायचा. इथे डिझाइन म्हणजे नक्षी नव्हे, तर वस्तू कशी असावी याचा विचार.

हा शब्द कुणाला ठाऊकही नव्हता, त्या काळात आपल्याच भागात एका माणसाने आयुष्यभर हेच केलं. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने जाताना सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. हे नाव ज्यांच्यामुळे पडलं, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. कारखानदार म्हणून त्यांची ओळख सगळ्यांना आहे. आज आपण त्यांच्याकडे पाहायला शिकलेला माणूस म्हणून बघणार आहोत.

चित्रकला सुटली, हात सुटला नाही

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचं मन फारसं रमत नसे. त्यांचा ओढा चित्रांकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामुअण्णा यांनी हे ओळखलं आणि पाठबळ दिलं. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक वेगळीच अडचण पुढे आली. काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. त्यांना अंशतः रंगांधत्व होतं. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाला रंगच नीट दिसू नयेत, यापेक्षा मोठी निराशा कोणती? चित्रकला सोडावी लागली. पण रेषेवरचा हात पक्का होता आणि यंत्राच्या चित्राला रंग लागत नाहीत. तिथे माप लागतं, प्रमाण लागतं, आणि कोणता भाग कशाला जोडला आहे याची समज लागते. लक्ष्मणराव मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले.

मुलांनो, एखादी वस्तू चित्रात काढायची तर ती आधी नीट पाहावी लागते. तुम्ही रोज चालवता त्या सायकलचं चित्र न बघता काढून पाहा. साखळी पुढच्या चाकाला लावायची की मागच्या, इथेच बरेच जण अडखळतात. रोज दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं, हे त्या कागदावर लगेच कळतं.

शिकवणारा मास्तर शिकत राहिला

पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिक्षकाची नोकरी लागली. काम ड्रॉइंग शिकवण्याचं होतं. पण आजूबाजूला कार्यशाळा होती, यंत्रं होती. ती कशी चालतात, कशी उघडतात, कशी जोडतात हे ते शिकत राहिले. तुटपुंज्या पगारातून यंत्रविषयक पुस्तकं आणि मासिकं घेऊन वाचत राहिले. कुणी अभ्यासक्रम ठरवून दिला नव्हता. समोरचं यंत्र हाच त्यांचा धडा.

त्या काळात सायकल ही नवलाईची गोष्ट होती. लक्ष्मणरावांनी सायकल घेतली, चालवायला शिकले आणि तिची रचनाही समजून घेतली. त्यातूनच रामुअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. साल होतं १८८८. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. पुढच्या सगळ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात या छोट्या दुकानातून झाली.

मुंबईच्या नोकरीत बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

गोठ्यातली अडचण

बेळगावच्या आजूबाजूला सगळी शेती. शेतकऱ्याचा बैल म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं भांडवल, आणि बैलाचं मुख्य खाणं म्हणजे कडबा. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी हे पाहिलं असेल. कडब्याची अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला खातं, कोवळा भाग खातं आणि जाड धाटं पायाखाली तुडवून टाकतं. उन्हाळ्यात वैरण संपत आली की हीच वाया गेलेली धाटं डोळ्यांसमोर येतात. कडब्याचे बारीक तुकडे केले तर नासाडी पुष्कळ कमी होते.

लक्ष्मणरावांनी शेतीसाठी जे पहिलं यंत्र बाजारात आणलं, ते होतं कडबा कापण्याचं यंत्र. आज आपण त्याला कडबाकुट्टी म्हणतो. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गोठ्यात जी नासाडी दिसत होती, तिच्यावरच त्यांनी उपाय दिला. लोकांना त्या नासाडीची इतकी सवय झाली होती की ती अडचण आहे असंही कुणाला वाटत नव्हतं.

दोन वर्षं न विकलेला नांगर

यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. आपला जुना लाकडी नांगर जमीन फोडतो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराला वळणदार पंख असतो. त्यामुळे खालची माती वर येते, तण मुळासकट उलटं पडतं, नांगरट खोल होते. यंत्र म्हणून ही वस्तू चांगलीच होती.

पण नांगर विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष पसरेल, जमीन नापीक होईल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. भांडवल त्यात अडकलेलं. अशा वेळी ते काम सोडून देणं सोपं होतं, आणि शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं त्याहून सोपं होतं.

या ठिकाणी आपण थोडं थांबू या. शेतकऱ्याची भीती चुकीची होती, पण ती बिनकारणाची होती का? त्याच्याकडे जमिनीचा एकच तुकडा. त्यावर घर चालतं. नवीन अवजाराने एक हंगाम बिघडला तर वर्षभर खायचं काय? यंत्र बनवणाऱ्याचा फक्त नांगर पडून राहणार होता. वापरणाऱ्याची जमीन पणाला लागणार होती. त्यामुळे नांगर उत्तम आहे असं नुसतं सांगून भागणारं नव्हतं. एकाच्या रानात तो चालला, पीक नीट आलं, जमिनीला काही झालं नाही, हे बांधावरच्या शेजाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं तरच विश्वास बसणार.

माझ्या मते लक्ष्मणरावांच्या चरित्रातली सगळ्यात मोठी शिकवण या दोन वर्षांत आहे. आपण बनवलेली वस्तू चालते एवढ्यावर काम संपत नाही. ती ज्याच्यासाठी बनवली त्याला ती बिनधास्त हातात घ्यावीशी वाटली पाहिजे. ते होईपर्यंत थांबायची आणि पुन्हा प्रयत्न करायची तयारी लागते. लक्ष्मणराव थांबले, टिकले. हळूहळू नांगराला मागणी आली आणि पुढे किर्लोस्करांचा नांगर महाराष्ट्रभर ओळखीचा झाला.

निवडुंगाच्या माळावरचं गाव

जरा कुठे घडी बसते तोच दुसरं संकट आलं. बेळगावातली त्यांच्या कारखान्याची जागा नगरपालिकेला वसाहतीसाठी हवी होती. कारखाना हलवायचा तर कुठे?

मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांचं त्यांच्याशी स्नेहाचं नातं होतं. औंधच्या देवळासमोरच्या सभामंडपाचं काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिलं होतं. संस्थानची गावं मात्र सलग नव्हती, ती वेगवेगळ्या भागांत विखुरलेली होती. त्यातलंच एक म्हणजे कुंडल, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. तिथल्या कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन राजेसाहेबांनी देऊ केली, कर्जही दिलं.

जमीन कशी होती? उजाड माळ, जिकडेतिकडे निवडुंग आणि सापांचा सुळसुळाट. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तिथे उतरले. बरोबर रामुअण्णा, शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सोबती होते. त्यांनी निवडुंग तोडला, पाण्याची सोय केली, राहायला आसरे उभे केले आणि त्याच वेळी कारखानाही उभारला. भारतातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

गाव वसवतानाही त्यांनी माणसांचा विचार केला. कामगार कुठे राहील, त्याला पाणी कुठून मिळेल, मुलं शिकतील कुठे, हे प्रश्न कारखान्याइतकेच महत्त्वाचे मानले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम केला. तो काळ लक्षात घेतला तर ही गोष्ट किती मोठी होती ते कळेल.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड आणि दगडी कोळसा मिळणं अवघड झालं. तेव्हा लाकडी कोळशावर काम भागवण्याचे प्रयोग झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनीची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं, ते पुतणे शंकरराव यांनी वाढवलं. उसाचे चरक, भुईमूग फोडणी यंत्र, पाण्याचे पंप अशी एकेक वस्तू तयार होत गेली. यादी नीट वाचा. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी शेतातल्या किंवा विहिरीवरच्या कष्टाशी जोडलेली आहे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आता तुमची पाळी

मुलांनो, आपल्याला लगेच कारखाना काढायचा नाही. एका वहीची दहा पानं पुरेत. आठवडाभर घरातल्या एकाच माणसाचं एकच काम पाहा. आजीचं पाणी भरणं, आईचं भाकरी करणं, वडिलांचं धार काढणं, काहीही चालेल. अडचण काय आहे असं लगेच विचारू नका. विचारलं तर मोठी माणसं काही नाही असंच म्हणतात, कारण त्यांना सवय झालेली असते. ती कुठे वाकतात, कुठे थांबतात, कोणती वस्तू दोनदा उचलतात, काय सांडतं, ते लिहा. शेजारी चित्र काढा.

मग एकच अडचण निवडा आणि घरात आहे त्या सामानातून उपाय करून बघा. उदाहरण सांगतो. जमिनीवर टाकलेला पाला शेळी तुडवते आणि मग त्याला तोंड लावत नाही. तोच पाला तिच्या तोंडाच्या उंचीवर दोरीने टांगला तर नासाडी कमी होते. खर्च काही नाही. पण दोरी किती उंच हवी, गाठ कशी हवी, करडांचं तोंड पोहोचतं का, हे बांधून बघितल्याशिवाय कळत नाही.

तुमचा उपाय घरच्यांनी दोन दिवसांत बाजूला ठेवला तर नाराज होऊ नका. का ठेवला ते शोधा आणि वहीत लिहा. ते पान शिक्षकांना दाखवायला विसरू नका. लक्ष्मणरावांचा नांगरही दोन वर्षं पडून होता.